ओली गोणपाटं

वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात दर्यावरचा वारा उशिरा यायला लागला. सकाळी जमिनीकडून येणारा मतलय आठालाच पडायचा आणि दर्याचा वारा एक वाजेपर्यंत उठायचा नाही. मधले चार-पाच तास कोळीवाड्यात वाळत घातलेलं जाळंसुद्धा हलत नव्हतं. माणसं दारात बसून पदराने, पुठ्ठ्याने वारा घेत. अंगाला चिकटलेला घाम चिकटलेलाच राही.

हेमांगीला सगळी काळजी टेपाडावरच्या शेडची होती. तिचा नवरा मितेश उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा. सासऱ्याचा, भिकूचा, गुडघा गेल्यापासून होडी त्याचा चुलत भाऊ चालवत होता. सासू नीराबाई आठवड्यातून तीन दिवस बोर्लीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. मासळी विकून विकूनच तिने कोळीवाड्यामागचं टेपाड घेतलं होतं, आणि त्यावर तीन वर्षांपूर्वी कोंबड्यांची शेड उभी राहिली. एका दिवसाची पिल्लं, खाद्य, औषध हे सगळं कंपनीचं. वाढवायचं हेमांगीने. चाळीस दिवसांनी कंपनीची गाडी येऊन पक्षी भरून न्यायची.

या खेपेला दोन हजार पक्षी होते. चौतिसाव्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर संघर्ष मोटरसायकलवरून आला. तळा गावचा मुलगा, पंचविशीतला. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं, अर्धं प्यायला, अर्धं डोक्यावर ओतलं आणि शेडमध्ये शिरला.

पांढरे पक्षी भाताच्या तुसावर पसरून बसले होते. चोची उघड्या, माना लांब केलेल्या, पंख अंगापासून सुटे धरलेले. दोन हजार गळे एकदम थरथरत होते. संघर्षने पंचवीस पक्षी एकेक करून काट्याला लावले.

"सरासरी सतराशे चाळीस ग्रॅम," तो म्हणाला. "आज अठराशेच्या वर पाहिजे होते, वहिनी."

"खातच न्हाईत. पाणी नुसतं पितात."

"खाणार कसे? एवढ्या उकाड्यात तुम्हाला तरी भाकर जाते का? खाणं कमी झालं की वाढ थांबते. आणि जे खातात ते धापा टाकण्यातच जातं." त्याने खाली वाकून विष्ठा पाहिली. पातळ होती. "मर किती झाली?"

"एकतीस."

"शंभराच्या आत ठेवा. शंभरावर गेली की पुढची बॅच देता येत नाही. माझ्या हातात नाही ते. मागच्या महिन्यात दोन शेड बंद झाल्या."

शेड बंद म्हणजे पुन्हा काजूच्या कारखान्यात बसून बोटं काळी करून घ्यायची, आणि ते लग्नाआधी चार वर्षं हेमांगीने केलं होतं.

नीराबाई दाराशी उभी होती. संघर्ष तिच्याकडे वळला. "आजी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, दाण्याची भांडी वर उचलून ठेवायची. दुपारी दाणा द्यायचा नाही."

"उपाशी ठेवायच्या?"

"दाणा पचवताना अंगात उष्णता होते. चुलीत लाकूड सारल्यासारखं. पहाटे आणि संध्याकाळी पोटभर द्या. दुपारी गार पाणी, आणि मधून मधून हळूच आत फेरी मारा. एका जागी बसून राहिली की पोटाखाली उष्णता साठते. उठली की मोकळी होते."

"कोळ्याच्या घरात येऊन कोंबडीला बसू नको सांगतोस," नीराबाई म्हणाली. "बरं बाबा. उठवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शेडमधला मोठा पंखा घरघरला, जळका वास आला आणि तो थांबला. हेमांगीने मोटर खोलून पाहिली. आतली तार काळी पडली होती. बोर्लीला रिवायंडिंग करणारा एकच माणूस होता आणि तो समोर बसल्याशिवाय काम हातात घेत नसे.

"मीच जाते," हेमांगी म्हणाली. "तीनपर्यंत येते. आये, तू बगशील ना?"

"जन्मभर उन्हातच बसले मी. बगते."

"दहाला दाना वर घे. पानी दर तासाला बदल. माठातलं घाल."

"व्हय गो, ऐकलं काल. जा आता, बस चुकेल."

हेमांगी मोटर पिशवीत घालून उतारावरून गेली. नीराबाईने पदर खोचला. दहाला तिने भांड्यांच्या दोऱ्या ओढून ती पक्ष्यांच्या डोक्यावर नेली. मनाला पटत नव्हतं, पण केलं. पाणी बदललं. काठी घेऊन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. पक्षी जड अंगाने उठायचे, दोन पावलं टाकायचे आणि तिची पाठ वळली की पुन्हा बसायचे.

साडेअकराला हवा अगदी थांबली. पक्ष्यांची धाप वाढली. एका नराने मान तुसावर टाकली होती आणि डोळे अर्धे मिटले होते. नीराबाईने त्याला उचलून पाहिलं. अंग तापलेलं, हाताला चटका बसावा तसं.

चाळीस वर्षं तिने उन्हात मासळी सांभाळली होती. वैशाखात पापलेटाची पाटी डोक्यावर घेऊन तीन कोस चालली होती, आणि कुणा गिऱ्हाइकाने तिची मासळी नरम म्हणून परत केली नव्हती. उपाय एकच. ओलं गोणपाट. वरून झाकायचं, खालून घालायचं, वाऱ्याला लागू द्यायचं नाही, आणि सुकतं वाटलं की पाणी मारायचं.

तिने घरामागून गोणपाटं आणली. होडीच्या बर्फासाठी ठेवलेली, वीस-बावीस तरी. विहिरीवर भिजवली. पाणी गळणारी गोणपाटं खांद्यावर टाकून टेपाड चढली. चार फेऱ्या झाल्या. शेडच्या दोन्ही लांब बाजूंना कमरेएवढी भिंत आणि वर जाळी. ती जाळी तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोणपाटांनी झाकली, सुतळीने बांधली. कमी पडलं तिथे बाजूचे प्लास्टिकचे पडदे सोडले. मग पाइप लावला आणि पक्ष्यांवर, तुसावर, भिंतींवर पाणी मारलं.

शेडमध्ये अंधारलं. गार वाटलं. पक्षी खरंच जरा शांत झाले.

"उगी," ती त्यांना म्हणाली. "उगी आता."

ती शेडच्या आडोशाला दारातल्या दगडावर बसली आणि पाय चेपत राहिली. साठी उलटल्यावर ओली गोणपाटं घेऊन चार वेळा टेपाड चढणं सोपं नव्हतं. पण सून आल्यावर बघेल, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं. अर्ध्या तासाने ती आत गेली आणि पुन्हा पाणी मारलं. तासाने पुन्हा.

दीडच्या सुमारास ती आत शिरली तेव्हा डोळे चुरचुरले. भिजलेल्या तुसातून उग्र वाफ येत होती. भात शिजताना झाकणाखाली असावी तशी हवा. तिचं लुगडं मांड्यांना चिकटलं. पक्ष्यांचे गळे आता थरथरत नव्हते, नुसते फडफडत होते. मघाचा नर मेला होता, पाय मागे ताणलेले. त्याच्या पलीकडे आणखी एक. भिंतीकडे सात-आठ, एकमेकांना टेकून.

तिने पाइप उचलला. मग तिलाच श्वास पुरेना, म्हणून ती बाहेर, शेडच्या कोपऱ्यापलीकडे आली.

बाहेर वारा होता. दर्याकडून सरळ येत होता आणि तिच्या ओल्या चोळीला लागला तशी ती शहारली. कधी उठला हा? तिने खाली पाहिलं. कोळीवाड्यात वलांडीवर टांगलेले बोंबील एका अंगाला झुकून हलत होते.

ती तशीच उभी राहिली. वारा असला की बोंबील दोन दिवसांत कडकडीत वाळतो. कुंद, ओल्या हवेत तोच बोंबील वलांडीवर कुजतो, ऊन कितीही असो. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. धाप टाकणारी कोंबडी दुसरं काय करते? आतली ओल तोंडातून बाहेर टाकते. आतली हवाच पाण्याने भरलेली असली तर ती ओल जाणार कुठे?

"अहो!" तिने खाली हाक दिली. "कोयता घेऊन या. लवकर या!"

भिकू एका पायाने चढत आला. त्याने शेडकडे पाहिलं.

"वारा बाराचाच उठलाय," तो म्हणाला. "तू त्याला दाराबाहेर उभा केलास, नीरे."

"बोलू नका. कापा."

दोघांनी सुतळ्या कापल्या. गोणपाटं धपाधप खाली पडली, पडदे वर गेले. वारा या जाळीतून शिरून त्या जाळीतून निघाला आणि तुसावरची पिसं उडवू लागला. नीराबाई आत जाऊन ओला तूस फावड्याने ओढत राहिली, भिकू पक्षी हाताने उठवत, कोरड्या जागी सरकवत राहिला. कितीतरी वेळ पक्षी पडतच होते. मग हळूहळू पडायचे थांबले.

हेमांगी साडेतीनला आली. उतारावरूनच तिला दिसलं. सासू-सासरे शेडसमोर मातीत बसले होते आणि त्यांच्यापुढे मेलेले पक्षी ओळीने मांडले होते. बाजारात मासळी मांडतात तसे, डोकी एका बाजूला.

"सत्तावन," नीराबाई म्हणाली. "मी मारल्या."

हेमांगीने पिशवी खाली ठेवली. पडलेली गोणपाटं पाहिली, ओला तूस पाहिला. तिला सगळं समजलं. पिशवीतली मोटर काढून ती पंखा बसवायला आत गेली. तिच्या पान्ह्याचा आवाज बराच वेळ गरजेपेक्षा मोठा येत राहिला.

एकतीस आणि सत्तावन्न, अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळपर्यंत आणखी दोन गेले. नव्वद. पाच दिवस बाकी होते, आणि दहा पक्षी.

खड्डा खणत असताना शेजारची केसर आली. कोळीवाड्यात कुणाच्या घरात काय घडलं हे केसरला कधी चुकत नसे.

"पुरतेस कशाला गो?" ती म्हणाली. "आत्ताच्या तर हायत. स्वस्तात लावून टाक. मी नेते चार."

"मेलेली कोंबडी इकत न्हाईत," नीराबाई म्हणाली.

"मंग जन्मभर तू काय जिती सुरमई इकलीस?"

भिकूला हसू आलं. त्याने तोंड फिरवलं. नीराबाईने मात्र चुन्याचं घमेलं खड्ड्यात ओतलं.

"सायबाला लाईट गेलेली सांग," केसर जाता जाता म्हणाली. "सगळे तेच सांगतात."

रात्री जेवायला बसल्यावर हेमांगीने सासूच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. नीराबाईने ती परत टोपलीत ठेवली.

"खा, आये."

"नको."

"कोंबड्या खात न्हाईत, तू खात न्हाईस. मी कुनाकुनाच्या मागं लागू?"

नीराबाईने भाकरी घेतली.

पुढचे चार दिवस घराचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. त्या वेळी मतलय वाहत असे आणि पक्षी भुकेले असत. दाण्याची भांडी खाली आली की दोन हजार चोचींचा आवाज पत्र्यावर बारीक खडे पडल्यासारखा येई. दोघी सासवा-सुना ओला तूस काढून टेपाडाखाली टाकत आणि कोरडा पसरत. भिकूने पत्र्यांवर आदल्या वर्षीचा पेंढा घातला आणि त्यावर जुनं जाळं ताणून बांधलं, वाऱ्याने उडू नये म्हणून. गाठी त्याने मारल्या तशा कुणाला मारता आल्या नसत्या.

दहाला दाणा वर. मग वाऱ्याची वाट. पंखा चालू असे, पण आता पाणी कुणी मारत नव्हतं. नीराबाई पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवी, संघर्षने फोनवर सांगितलं तेवढंच. दर अर्ध्या तासाला आत फेरी. ती चालताना आता पक्ष्यांकडे बघून चालायची. कुणाचे पंख सुटे, कुणाची मान लांब, कोण नुसता बसलाय आणि कोण बसूनही उठू शकत नाही. उठू न शकणारा दिसला की ती त्याला उचलून पंख्यासमोर नेई, पायांना गार पाणी लावी आणि खाली ठेवी. सगळे वाचले नाहीत.

छत्तिसाव्या दिवशी चार गेले. चौऱ्याण्णव. सदतिसाव्या दिवशी एक.

"दुपारी थोडा दाना टाकू या काय?" त्याच दिवशी हेमांगीच म्हणाली. तिने दहा पक्षी काट्याला लावले होते. वजन अठराशे वीसच भरत होतं. "असं उपाशी ठेवून दोन किलो व्हायचे न्हाईत."

"न्हाय," नीराबाई म्हणाली.

"वजन कमी आलं तर?"

"कमी येऊ दे. मेलेल्याचं वजन कोन करतं?"

हेमांगीने मग दाण्याची पाटी होती तिथेच ठेवून दिली.

अडतिसाव्या दिवशी एकही पक्षी गेला नाही. एकोणचाळिसाव्या दिवशी दोन. सत्त्याण्णव.

गाडी चाळिसाव्या दिवशी उजाडता उजाडता आली. पकडणारे सहा जण होते. एकेका हातात तीन-चार पक्षी पायाने धरून ते क्रेटमध्ये भरत. संघर्ष काट्याजवळ वही घेऊन उभा होता. हेमांगी प्रत्येक क्रेटबरोबर मनात हिशेब करत होती आणि तो करतेय असं दाखवत नव्हती. भरताना एका माणसाच्या हातात एक पक्षी मेला. त्याने तो बाजूला टाकला.

"अठ्ठ्याण्णव," संघर्षने लिहिलं.

शेवटचा क्रेट चढेपर्यंत शेडमध्ये पिसं तरंगत होती. संघर्षने बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला.

"सरासरी एकोणीसशे दहा."

"कमीच आलं," हेमांगी म्हणाली.

"कमी आहे. पण या आठवड्यात माझ्याकडच्या कुठल्याच शेडमध्ये दोन किलो भरले नाहीत. खाडीपलीकडे तर दोनशे पक्षी गेले." तो वहीत मागे गेला. "एका दिवसात एकोणसाठ का? इथे कारण लिहायचंय. लाईट गेली होती?"

हेमांगीने तोंड उघडलं.

"लाईट होती," नीराबाई म्हणाली. "मी ओली गोणपाटं लावून वारा बंद केला. मासळीला करतात तसं. मासळी मेलेली असते हे माझ्या ध्यानात न्हाय आलं."

पकडणाऱ्यांतले दोघे हसले. नीराबाई खाली बघून उभी राहिली. संघर्ष हसला नाही. त्याने लिहिलं आणि मग पेन थांबवलं.

"खाडीपलीकडेही तेच झालंय, आजी," तो म्हणाला. "तिथेही कोळीच आहेत. गोणपाटंच लावली होती. त्यांनी मला रोग आलाय म्हणून सांगितलं, आणि मी दोन दिवस रोग शोधत बसलो." त्याने वही मिटली. "पुढची बॅच पंचवीस दिवसांनी. शेड धुऊन चुना मारून ठेवा, वहिनी. या खेपेला अडीच हजार घ्याल का?"

"घेऊ," हेमांगी म्हणाली. गाडी सुरू झाली होती, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "घेऊ."

पिल्लं आली तेव्हा पाऊस लागून आठवडा झाला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यांत पिवळी, मुठीत मावणारी पिल्लं, आणि शेडभर त्यांची चिवचिव. हेमांगीने पडदे खालपर्यंत सोडले, बल्ब पेटवले, आणि नव्या तुसावर पत्र्याचं गोल रिंगण करून त्यात पिल्लं सोडली.

नीराबाई पडद्याची दोरी धरून उभी होती. "आता झाकायचं?"

"पयला आठवडा त्यांना ऊब लागते, आये. अंगावर पिसं न्हाईत अजून."

"मागं वारा हवा होता, आता वारा नको. तुमच्या कोंबड्यांचं एक काय ते ठरत न्हाय."

"ठरतं. बग त्यांच्याकडं."

नीराबाई रिंगणाच्या कडेला उकिडवी बसली. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली होती. ती थोडा वेळ बघत राहिली, मग उठून तिने बल्बची दोरी वीतभर खाली घेतली. पुन्हा बसली. पिल्लं हळूहळू सुटी झाली, तुसावर सारखी पसरली. एकाने चोच पाण्यात बुडवली, मान वर केली आणि गिळलं. मग दुसऱ्याने.

तिसऱ्या दिवशी हेमांगीला बँकेच्या कामाला बोर्लीला जायचं होतं. तिने छत्री घेतली, पिशवी घेतली आणि दारात थांबली. शेडमध्ये नीराबाई पिल्लांना पाणी घालत होती.

"जाऊन येते, आये."

"ये." नीराबाईने मान वर केली आणि वाट पाहिली. "काय सांगायचं न्हाय?"

हेमांगीने रिंगणाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"येताना पाव आनू काय?" तिने विचारलं.

"आन. आन् खारीसुद्धा आन, ह्यांना."

हेमांगी छत्री उघडून उतारावरून निघाली. अर्ध्या वाटेवर तिने मागे वळून पाहिलं. दर्याकडच्या बाजूचा एक पडदा नीराबाई वर गुंडाळत होती. वीतभर वर नेला, थांबली, आत वाकून पिल्लांकडे पाहिलं आणि दोन बोटं पुन्हा खाली घेतला. हेमांगी पुढे चालू लागली.